मार्साश्लोक्क: वाऱ्याच्या एका नावाचा माग

इंग्रजी नकाशा समोर ठेवून माल्टाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावाचे नाव देवनागरीत लिहायला घेतले, तर हात सहज ‘मार्साक्सलोक’ लिहून जातो. खरा उच्चार ‘मार्साश्लोक्क’. मधले ‘एक्स’ हे अक्षर माल्टी भाषेत ‘श’ असते. एकदा हे कळले की माल्टाचा सगळा नकाशा वेगळाच ऐकू येऊ लागतो. गोझो बेटाला माल्टी लोक ‘आउदेश’ म्हणतात, त्यातला श एक्सचा. नाश्शार, शेम्शिया, शेउकिया, मार्सामशेट्ट या सगळ्या नावांत हाच एक्स.

बार्सिलोनाच्या कॅटलान भाषेतही एक्सचा उच्चार ‘श’ होतो. माल्टावर अरागॉनच्या (म्हणजे बार्सिलोना ज्यात होते त्या, आजच्या स्पेनच्या पूर्वेकडच्या राज्याच्या) राजघराण्याची सत्ता जवळजवळ अडीचशे वर्षे होती आणि त्या घराण्याची घरातली भाषा दीर्घकाळ कॅटलान होती. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक दावा आपोआप तयार होतो. मार्साश्लोक्क म्हणजे ‘मार्सा’ अधिक ‘श्लोक्क’. मार्सा हा अरबी शब्द, अर्थ बंदर. श्लोक्क म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा आणि ती दिशाही. (आपल्या श्लोकाशी त्याचे काही नाते नाही, पण उच्चार लक्षात ठेवायला सोयीचे.) कॅटलानमध्ये त्याच वाऱ्याला ‘शलोक’ म्हणतात. म्हणजे गावाचे नाव अर्धे अरबी, अर्धे कॅटलान.

दावा देखणा आहे. मी स्वतः तो बरेच दिवस खरा धरून चाललो होतो. पण नावांच्या बाबतीत सारखेपणा हा तपासाचा आरंभ असतो, निकाल नव्हे. म्हणून हे एकच नाव हातात घेऊन त्याचा माग शेवटपर्यंत काढायचे ठरवले. वाटेत माल्टाची काही आडनावे भेटतात. त्यांच्याशिवाय या नावाचा निकाल लागत नाही.

आधी इतिहास, कारण दाव्याचे सगळे बळ तिथून येते. १२८२ साली सिसिलीच्या राजधानीत, पालेर्मोत, फ्रेंच आंजू घराण्याविरुद्ध उठाव झाला आणि सिसिलीच्या लोकांनी अरागॉनच्या राजाला, तिसऱ्या पेद्रोला, जवळ केले. पुढच्या वर्षी, ८ जुलै १२८३ रोजी, माल्टाच्या मोठ्या बंदरात रॉजर दे लौरिया या त्याच्या नौदलप्रमुखाने आंजूंच्या आरमाराचा धुव्वा उडवला. या लढाईची हकीकत बेर्नात देस्क्लोत आणि रामोन मुंतानेर या दोन बखरकारांनी लिहून ठेवली आहे, आणि दोघांनीही ती कॅटलान भाषेत लिहिली. यातले देस्क्लोत हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यानंतर १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट सेंट जॉनच्या सरदारांच्या, म्हणजे ख्रिस्ती योद्ध्यांच्या एका पंथाच्या, हवाली करेपर्यंत माल्टा याच राजमुकुटाच्या छत्राखाली राहिला.

पण ‘छत्राखाली’ हा शब्द फसवा आहे. माल्टाचा कारभार बार्सिलोनाहून चालत नव्हता, तो सिसिलीमार्फत चालत होता. माल्टा सिसिलीच्या राज्याचा भाग, आणि सिसिलीत तर शतकभराहून जास्त काळ त्याच घराण्याची वेगळी शाखा राज्य करत होती. हुकूम पालेर्मोहून यायचे, अधिकारी तिथून यायचे, धान्यही तिथूनच यायचे. पंधराव्या शतकात इम्दिना या जुन्या राजधानीच्या नगरसभेची टिपणे लिहिली जात ती सिसिलियन भाषेत. या एका गोष्टीवर पुढचा सगळा तपास फिरतो.

आता नावाकडे. पहिला प्रश्न असा की श्लोक्क हा शब्द मुळात थेट अरबीतूनच माल्टीत राहिलेला का नसावा? माल्टी ही अरबीची लेक. मार्सा अरबी, विएद म्हणजे ओढा अरबी, गावांच्या नावाआधी लागणारा ‘हाल’ अरबी. शेउकिया म्हणजे काट्यांची जागा, कारण ‘शेउक’ म्हणजे काटा, तोही अरबी. आणि या वाऱ्याचे मूळ नावही अरबीच मानले जाते: ‘शलूक’, शेवटी घशातला खोल ‘क’, अरबी लिपीतला ‘काफ’. मग सरळ रस्ता सोडून समुद्रापलीकडे कशाला जायचे?

उत्तर त्या शेवटच्या व्यंजनात आहे. अरबीतला हा खोल ‘क’ माल्टीत आला की त्याचा घशात क्षणभर अडकणारा झटका होतो आणि तो ‘क्यू’ या अक्षराने लिहितात. बाजाराला अरबीत ‘सूक’. माल्टी माणूस ‘सू’ म्हणून घसा आवळतो. रस्त्याला ‘त्रीक’, तिथेही तसेच. हा वारा अरबीतून घरातच राहिलेला असता तर त्याचे नाव ‘श्लू’ आणि पुढे तो झटका, असे काहीसे झाले असते. प्रत्यक्षात तिथे स्वच्छ, दुहेरी ‘क्क’ आहे आणि लांब ‘ऊ’च्या जागी ‘ओ’. म्हणजे शब्द अरबीतून निघाला, युरोपी खलाशांच्या तोंडी गेला, तिथे त्याचा खोल क साधा झाला आणि मग तो पुन्हा एका अरबी बोलीच्या बेटावर उतरला. माहेरी परत आला, पण सासरचे वळण घेऊन.

दाव्याचा पहिला भाग इथे टिकला: श्लोक्क युरोपमार्गे आला. पण कुठल्या युरोपी भाषेतून?

एक्सचा पुरावा आता बघू, कारण सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो तोच. माल्टी भाषेतली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी साहित्यकृती म्हणजे ‘इल-कांतिलेना’ ही छोटी कविता. ती पिएत्रू काशारोची, म्हणजे पंधराव्या शतकातली. त्याच्या घराण्यातल्या ब्रांदानो काशारोने सोळाव्या शतकात आपल्या दस्तनोंदीच्या वहीत ती उतरवून ठेवली आणि १९६६ साली गॉडफ्री वेटिंगर आणि मिकिएल फ्सादनी या दोघांना ती सापडली. तिची पहिली ओळ ‘शिदेउ’ या शब्दाने सुरू होते आणि त्याचे पहिले अक्षर एक्स आहे. शब्द अस्सल अरबी धातूचा, साक्षीशी नाते सांगणारा. लिपी रोमन. म्हणजे आजच्या माल्टी वर्णमालेने १९३४ साली अधिकृत दर्जा मिळवला त्याच्या कितीतरी आधी या बेटावरचे लेखनिक श साठी एक्स लिहीत होते.

ही सवय त्यांना कॅटलानांनी लावली का? इथेच दाव्याची पहिली वीट सुटते. जुन्या सिसिलियन दफ्तरांतही हाच एक्स आहे. नदीला तिथे ‘शूमी’ म्हणत आणि ते एक्सने लिहीत. फुलाला ‘शुरी’, तेही एक्सने. इम्दिनाचा लेखनिक रोज सिसिलियनमध्ये टिपणे लिहीत होता. त्याने आपल्या बोलीतला श लिहायला बाहेरून अक्षर मागवले नाही, रोजच्या कामातले उचलले. सिसिलीच्या दफ्तरांना कॅटलान लेखनाने बळ दिले असेल, पण माल्टापुरते बोलायचे तर एक्स हा पालेर्मोचा.

पुढे इटालियन वळणाचे लेखन प्रतिष्ठेचे झाले आणि त्याच आवाजासाठी ‘एस-सी-आय’ ही तीन अक्षरे आली. माल्टात आजही दोन्ही पद्धती आडनावांत एकमेकींशेजारी नांदतात. शिक्लूना हे आडनाव कुणी एक्सने लिहितो, कुणी एस-सी-आयने. शिबेर्रासचेही तसेच. ज्या डोंगरकण्यावर १५६६ पासून व्हॅलेटा शहर उभे राहिले त्याचे नावही शिबेर्रासच, आणि जुन्या-नव्या नकाशांत तेही दोन्ही परींनी लिहिलेले सापडते. उच्चार एक, घराणे एक, पण लेखनिक कुठल्या काळचा यावर अक्षर ठरले. एक्स दिसला म्हणून नाव कॅटलान ठरवायचे असेल, तर हे सगळे शिक्लूना आणि शिबेर्रास आपोआप कॅटलान ठरतील.

दाव्याची दुसरी बाजू जास्त भक्कम आहे. ती आहे ‘ल’ची. इटालियनमध्ये या वाऱ्याला ‘शिरोक्को’ म्हणतात, मधे र. कॅटलानमध्ये ल. माल्टीतही ल. शिवाय कॅटलान शब्द व्यंजनाने संपतो, इटालियन स्वराने, आणि माल्टी पुन्हा व्यंजनाने. इथे कुणीही म्हणेल की संपले, शलोकच श्लोक्कचा बाप.

मी या टप्प्यावर आठही वाऱ्यांची नावे शेजारी-शेजारी लिहून काढली, कारण खलाशी एकटा एक वारा उसना घेत नाही, अख्खे होकायंत्र घेतो. माल्टी: त्रामुंताना, ग्रिगाल, ल्वांत, श्लोक्क, नोफसिनहार, ल्बीच, पुनेंत, मय्यिस्त्राल. कॅटलान: त्रामुंताना, ग्रेगाल, ल्येवांत, शलोक, मिज्जोर्न, ल्येबेच, पोनेंत, मेस्त्राल. पहिल्या नजरेला छाती दडपते इतके साम्य आहे. ग्रिगाल आणि ग्रेगाल, पुनेंत आणि पोनेंत. दक्षिणेचा नोफसिनहार तेवढा अरबी शब्दांचा, अर्थ ‘अर्धा दिवस’. पण कॅटलान मिज्जोर्नचाही अर्थ तोच, माध्यान्ह. सूर्य माथ्यावर असताना दक्षिणेला असतो म्हणून.

मग शेवटचा वारा बघा. वायव्येचा. कॅटलान ‘मेस्त्राल’, माल्टी ‘मय्यिस्त्राल’. हा ‘मय्यि’ कॅटलानमधून येऊच शकत नाही, कारण कॅटलानने तो केव्हाच गिळून त्याचा ‘मे’ केला. तो आहे सिसिलियन ‘माइस्त्राली’त. म्हणजे किमान एक वारा निःसंशय सिसिलीच्या वाटेने आला. आणि एकाची वाट सापडली की बाकीच्यांची तीच असण्याची शक्यता वाढते.

राहिला शेवटच्या स्वराचा मुद्दा. सिसिलियन शब्दांचा शेवटचा ‘उ’ किंवा ‘इ’ माल्टीत येताना गळणे ही रोजची गोष्ट आहे. राजवाड्याला इटालियनमध्ये ‘पालात्सो’, माल्टीत ‘पलात्स’. कराराला सिसिलियनमध्ये ‘कुंत्रात्तू’, माल्टीत ‘कुंत्रात्त’. मग व्यंजनान्त दिसले म्हणून कॅटलान, हे अनुमान उरत नाही. आणि तो ‘ल’? जुन्या इटालियनमध्येही ल चालत होता. दान्तेच्या ‘पुर्गातोरियो’च्या अठ्ठाविसाव्या सर्गात वाऱ्यांचा देव हा वारा मोकळा सोडतो, तिथे शब्द आहे ‘शिलोक्को’. ल सकट, आणि दुहेरी क सकट. कॅटलान शलोकमधला क एकेरी आहे. (दुहेरी क वर मी फार भार टाकत नाही, इंग्रजी ‘ब्लॉक’लाही माल्टी माणूस ‘ब्लोक्क’ करतो.)

तेव्हा मार्साश्लोक्कचा निकाल माझ्यापुरता असा: बंदर अरबांचे, वारा भूमध्य समुद्रावरच्या सगळ्या खलाशांचा, आणि माल्टात तो उतरवला तो बहुधा सिसिलीच्या गलबतांनी. कॅटलान खलाशी त्या गर्दीत होतेच, १२८३ च्या लढाईत तर बंदर त्यांनीच भरले होते. पण या नावावर त्यांचा स्वतंत्र ठसा दाखवता येत नाही.

अशीच एक वाट दाखवणारा शब्द जाता जाता सांगतो, कारण तो मला फार आवडतो. कॅटलानमध्ये रुमालाला ‘मोकादोर’. सिसिलीत त्याचे झाले ‘मुक्कातूरी’. माल्टीत तोच झाला ‘मक्तूर’. मक्तूर ऐकून कुणालाही तो मक्तूब, मश्हूर यांच्या रांगेतला अरबी शब्द वाटेल, इतका तो घरचा झाला आहे. कॅटलान ठसा माल्टात आहे, पण असा, सिसिलीच्या हातून धुऊन-वाळवून आलेला.

मग थेट कॅटलान काही आहे की नाही? आहे. ते शोधायला जमिनीवरून माणसांकडे, त्यातही उमरावांकडे वळावे लागते.

इंग्वानेझ हे माल्टाच्या जुन्या सरदार घराण्यांपैकी एक. इम्दिनात शिरले की त्यांचा वाडा लागतो. अरागॉनचा पाचवा आल्फोन्सो १४३२ मध्ये माल्टात आला तेव्हा त्याचा मुक्काम याच वाड्यात होता, असे परंपरा सांगते. ‘एझ’ या शेपटीमुळे नाव स्पॅनिश वाटते. पण पंधराव्या शतकातल्या कागदांत हे घराणे ‘देस्ग्वानेक्स’ असे भेटते. आता बखरकार देस्क्लोतला आठवा. देस्क्लोत, देस्पुइग, देस्ग्वानेक्स: सुरुवातीचा ‘देस’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’. त्यात ‘दे’ला ‘एस’ हे कॅटलानचे जुने उपपद जोडलेले आहे, जे आजही मायोर्का बेटावर बोलण्यात टिकून आहे. सिसिलियनमध्ये असा जोड होत नाही, कास्तिलियनमध्येही (म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तीत) नाही. इथे पुरावा नावाच्या व्याकरणात आहे, नुसत्या दिसण्यात नाही.

दुसरे नाव मोम्पालाओ. हे मुळात ‘मोंतपालाउ’, आणि याच नावाचा किल्ला कॅटलोनियाच्या किनाऱ्याजवळ पिनेदा दे मार इथे आहे. ‘पालाउ’ म्हणजे राजवाडा. इटालियन ‘पालात्सो’, कास्तिलियन ‘पालासिओ’, आणि खुद्द माल्टी ‘पलात्स’. यांतल्या कशातूनही पालाओ निघत नाही. श्लोक्कने जी परीक्षा दिली नाही ती या आडनावाने दिली.

कार्दोना मात्र पुन्हा पेचात टाकतो. कार्दोना हे कॅटलोनियातले मिठाच्या डोंगराचे गाव आणि तिथले बलाढ्य सरदार घराणे. १४२१ मध्ये पाचव्या आल्फोन्सोने, युद्धखर्चाला पैसे हवेत म्हणून, सबंध माल्टा ३०,००० सोन्याच्या फ्लोरिनांना गहाण टाकला तो अंतोनियो कार्दोनाकडे. त्याच्याकडून तो गोन्साल्वो मोनरॉयकडे गेला. माल्टी लोकांनी बंड केले, मोनरॉयच्या माणसांना कोंडले, स्वतः रक्कम उभी करायचे कबूल केले आणि १४२८ मध्ये राजाकडून सनद मिळवली की हे बेट पुन्हा कुणाला दिले जाणार नाही. या प्रकरणातला मोनरॉय हा कास्तिलियन. त्याचे नाव माल्टात रुजले नाही. कार्दोना आडनाव आजही आहे. पण सिसिलीतही ते पुष्कळ आहे. तेव्हा आजच्या कुणा माल्टी कार्दोनाचा मूळपुरुष बार्सिलोनाकडचा होता की पालेर्मोचा, हे आडनाव सांगू शकत नाही. नाव कॅटलान, ते आणणारा माणूस कदाचित तीन पिढ्यांचा सिसिलियन.

या सगळ्यात एक फरक ठळक होतो. देस्ग्वानेक्स, मोंतपालाउ, कार्दोना ही नावे जहागिरी घ्यायला आलेल्यांची. शेतात राबणाऱ्यांची नावे १४१९-२० च्या शिबंदीच्या यादीत दिसतात आणि आजची बरीचशी प्रचलित माल्टी आडनावे त्या यादीत आधीच हजर आहेत. ओढे, टेकड्या, विहिरी यांना नावे द्यायचे काम या राबणाऱ्यांचे होते. कर वसूल करणारा शेताचे नाव बदलत नाही. त्याला ते कागदावर लिहून घ्यायचे असते, आणि तो विचारतो शेतकऱ्यालाच. म्हणून अडीचशे वर्षांत माल्टाची जमीन अरबी बोलत राहिली. सत्तेची जी थोडी नावे जमिनीवर पडली, जसे पहाऱ्याच्या टेकडीला ‘वार्दिया’ किंवा बंदरकाठच्या वस्तीला ‘बिर्गू’, तीसुद्धा सिसिलियन आणि कॅटलान दोघांना सारखीच लागू पडतील अशी आहेत.

आणि तरीही माल्टाच्या नकाशावर एक निखळ कॅटलान नाव आहे. रोज वापरातले, बातम्यांत येणारे. कोत्तोनेरा. मोठ्या बंदराच्या दक्षिणेची बिर्गू, बोर्मला आणि इस्ला ही तीन गावे मिळून त्या भागाला हे नाव आहे. पण ते अरागॉनच्या राजवटीचे नाही. ती संपून १४० वर्षे झाल्यावरचे आहे.

१६६९ मध्ये क्रीट बेटावरचे कांदिया तुर्कांनी घेतले. आता पाळी माल्टाची, या धास्तीने सरदारांचे प्रमुख निकोलास कोतोनेर यांनी १६७० मध्ये तीनही गावांना कवेत घेणारी प्रचंड तटबंदी सुरू केली. तिला त्यांचे नाव मिळाले आणि तटाचे नाव पुढे वस्तीला लागले. कोतोनेर हे मायोर्काचे. त्यांच्या आधी त्यांचे भाऊ राफाएल प्रमुख होते. म्हणजे जे काम बार्सिलोनाच्या राजांच्या अडीच शतकांनी केले नाही ते मायोर्काच्या एका माणसाच्या १७ वर्षांच्या कारकिर्दीने केले. कारण सरळ आहे. त्याने दगड रचले. शेताला आधीच नाव असते, नव्या तटाला नसते.

कोतोनेर या आडनावाचा अर्थ कापूसवाला. घराण्याच्या ढालीवर कापसाचे झाड आहे आणि माल्टात त्यांनी बांधलेल्या-नटवलेल्या जागांवर ते बोंडांसकट कोरलेले दिसते. कॅटलान ‘कोतो’ हा मूळ अरबी ‘कुत्न’वरून आला. माल्टाचे कित्येक शतकांचे मुख्य नगदी पीकही कापूसच, आणि त्याला माल्टी शब्द तोच अरबी, पण घशात झटका देऊन म्हटलेला: ‘ओतोन’, लिहायचा क्यूने. श्लोक्कला जी परीक्षा लावली ती इथे दोन्ही बाजूंनी लागू पडते. शेतातला ‘ओतोन’ घरातून आलेला, तटावरचा ‘कोत्तोनेरा’ समुद्रावरून परतलेला. बोर्मलाच्या बाहेर शेतकरी आपला क्यूचा ‘ओतोन’ वेचत असेल, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या तटाचे नाव त्याच झाडाचे होते.

अठराव्या शतकात हाच माल्टी कापूस, सूत होऊन, बार्सिलोनाला विकला जाई. सूत घेऊन जाणारे माल्टी व्यापारी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर फिरले आणि त्यांतले काही व्हॅलेन्सियात कायमचे राहिले. त्यांच्याबरोबर गेलेले कारुआना हे अस्सल माल्टी आडनाव आज तिथे इतके मुरले आहे की व्हॅलेन्सियाच्या प्रतिष्ठित घराण्यांत त्याची गणना होते.